नोकरी सांभाळून विशारद

आमच्या शाळेत संगीताचा तास आहे, संगीताचा शिक्षक नाही. अनुदानित मराठी शाळांत हे काही नवल नाही. ज्याला पेटी वाजवता येते त्याच्या गळ्यात परिपाठ, ईशस्तवन, स्वागतगीत आणि स्नेहसंमेलन आपोआप पडतं. मी मूळची भाषेची शिक्षिका. लहानपणी मध्यमा पूर्ण, म्हणजे विशारदच्या आधीच्या परीक्षेपर्यंत गाणं झालेलं, तेवढ्या भांडवलावर हे सगळं माझ्याकडे आलं. सेवांतर्गत प्रशिक्षणं आम्हाला भरपूर असतात, पण त्यांत कलेच्या वाट्याला येतो एखादा तास, तोही जेवणानंतरचा. तेव्हा ठरवलं, अर्धवट राहिलेलं पुरं करायचं आणि अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची विशारद ही संगीताची परीक्षा द्यायची.

विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, त्या परंपरेतलं हे मंडळ. लाहोरला त्यांनी उपदेशक वर्गही चालवला होता, म्हणजे नुसते गवई नव्हेत, तर शिकवणारी माणसं तयार करायची. आज आपण शिक्षक प्रशिक्षण म्हणतो ते हेच.

विशारद प्रथम आणि विशारद पूर्ण अशा दोन पायऱ्या. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे किंवा नोव्हेंबर-डिसेंबर. शिक्षकाला दोन्ही सत्रं गैरसोयीचीच: एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा, उत्तरपत्रिका आणि निकालपत्रकं, तर डिसेंबरमध्ये स्नेहसंमेलन. त्यातल्या त्यात हिवाळ्याचं सत्र मला बरं पडलं, कारण दिवाळीची सुट्टी सलग रियाजाला मिळते. फॉर्म परीक्षा केंद्रामार्फत भरायचा असतो. केंद्राशी आधीच ओळख ठेवा, नाहीतर तारीख निघून गेल्यावर कळतं.

गाणं शिकायला मिरजेला जात होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की एसटी. मिरज म्हणजे तंबोऱ्यांचं गाव. सतारमेकर गल्लीतून जाताना दर वेळी एका जोडीपाशी पाय रेंगाळायचे. घेतली नाही, तंबोऱ्याच्या ॲपवरच भागवलं. (गुरुजींना ॲप चालत नाही. ते हातात तंबोराच देतात.)

माझी समजूत अशी होती की शाळेत उपयोग होईल तो गळ्याचा, आणि शास्त्राचे दोन लेखी पेपर म्हणजे नुसतं पाठांतर. प्रत्यक्षात उलटं झालं. बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं विस्ताराचं गाणं, मला स्वतःला खूप देऊन गेला, पण आठवी ‘ब’समोर त्याचा विलंबित एकताल कोण मांडणार? वर्गात चाललं ते स्वरलेखन आणि ताललेखन, म्हणजे स्वर आणि ताल खुणांनी लिहिणं.

त्यात पलुस्कर आणि भातखंडे या दोन्ही लिप्या याव्या लागतात, आणि त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. भातखंडे पद्धतीत स्वराच्या डोक्यावर टिंब म्हणजे तार (वरचं) सप्तक, पलुस्कर पद्धतीत तेच टिंब म्हणजे मंद्र (खालचं). भातखंडेंकडे शून्य म्हणजे खाली (तालातली टाळी न देण्याची जागा), पलुस्करांकडे शून्य म्हणजे अर्धी मात्रा. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, भातखंडेंकडे फुली, पलुस्करांकडे एकचा आकडा. दोन्ही लिप्या वेगवेगळ्या वह्यांत, वेगवेगळ्या दिवशी लिहिल्या तेव्हा कुठे गोंधळ थांबला. शाळेतल्या फळ्यावर मात्र मी फक्त भातखंडे वापरते. मुलांना एक लिपी पुरे.

तालाचं तर विचारूच नका. परीक्षेत हातावर ताली-खाली दाखवत दुगुण, तिगुण, चौगुण (दुप्पट, तिप्पट, चौपट लय) बोलावी लागते. तोच प्रकार वर्गात आणला. टाळी द्यायची, खालीला हात बाजूला न्यायचा. वाद्य लागत नाही, पन्नास मुलं एकदम गुंततात. लेझीम खेळलेल्या पोरांना तर आठ मात्रा शिकवाव्याच लागत नाहीत, फक्त नाव सांगायचं: हा केरवा. रूपक तालात गंमत येते. सात मात्रा, आणि पहिल्याच मात्रेला खाली. “बाई, सुरुवातीलाच टाळी नाही?” हा प्रश्न हमखास येतो, आणि तो आला की तास जमला असं मी धरते.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पेपरात नव्हती, ती गुरुजींनी सांगितली. “पट्टी तुझी आहे गं, पोरांची नाही.” पट्टी म्हणजे पेटीच्या ज्या सुरावर ‘सा’ धरून गायचं तो सूर. बायकांची पट्टी साधारण काळी चार किंवा पाच. त्या पट्टीत प्रार्थना धरली की पाचवीची मुलं खालच्या स्वरांवर पुटपुटतात आणि आपण ‘मोठ्याने म्हणा’ म्हणून ओरडतो. राष्ट्रगीत मंद्र निषादापासून (खालच्या ‘नी’पासून) तार षड्जापर्यंत (वरच्या ‘सा’पर्यंत) जातं. ते वर, पांढरी एकच्या आसपास नेलं की मुलांचा आवाज उघडतो. मला ‘जय हे’ला जरा ताणावं लागतं, पण गायचंय त्यांना. आठवी-नववीत मुलांचा आवाज फुटतो, तेव्हा त्यांना गप्प बसवण्यापेक्षा खालच्या सप्तकात गाऊ द्यावं किंवा ताल धरायला द्यावा. वर्षभरात आवाज बसतो.

प्रात्यक्षिकाला परीक्षकांसमोर बसल्यावर छातीत धडधडतंच, वय कितीही असो. पूर्णला मंचप्रदर्शनही असतं. रोज शेकडो मुलांसमोर उभं राहणाऱ्या बाईला त्याची भीती वाटू नये, पण वाटली. तबलजी ओळखीचे मिळाले तर बघा, त्याने फार फरक पडतो.

निकाल लागल्यावर मुख्याध्यापक सरांनी पहिला प्रश्न विचारला, “याने वरिष्ठ श्रेणी मिळते का?” म्हणजे वरची वेतनश्रेणी. नाही मिळत. त्याला बारा वर्षांची सेवा आणि त्याचं वेगळं प्रशिक्षणच लागतं. नवोदय विद्यालयासारख्या ठिकाणी संगीत शिक्षक व्हायचं असेल तर विशारद कामाला येते, तिथली जाहिरात नीट वाचावी. माझ्या पगारात एक रुपयाचाही फरक पडलेला नाही. वेळापत्रकात मात्र पडला. पूर्वी परीक्षा जवळ आली की संगीताचा तास परस्पर गणिताला जायचा. आताही जातो, पण आधी मला विचारतात, आणि दोनदा मी नाही म्हटलंय.