पोकलेनचं तेल, ताम्पेरेत आणि नागपुरात

रविवारी बाबांचा व्हिडिओ कॉल आला की पहिला प्रश्न ठरलेला. "काय बेटा, चालून राहिली का तुझी गाडी?" हिवाळ्यात इथे फिनलंडमधल्या ताम्पेरेला तेव्हा सकाळचे ९ वाजलेले असतात, नागपुरात साडेबारा. बाबांचं जेवण व्हायचं असतं, माझा चहा.

बाबा गेली २७ वर्षं पोकलेन चालवतात. त्यांच्या भाषेत पोकलेन, जेसीबी, डोझर, सगळ्या गाड्याच. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, आपल्याकडे ते यंत्राचंच होऊन बसलं.) आणि मी फिनलंडमध्ये येऊन त्याच गाड्या ऑपरेटरशिवाय कशा चालतील यावर पीएचडी करते. गिट्टीखदानच्या आमच्या घरी हे पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा मामा ताटावरून मान वर करून म्हणाले, "म्हणजे बापाच्याच पोटावर पाय द्यायले चालली का?" घरात कोणीच काही बोललं नाही. मीही नाही. तो प्रश्न मी सोबत घेऊनच विमानात बसले.

कारखान्यातला रोबो आपण व्हिडिओत पाहतो. त्याच्या सांध्यांत विजेच्या मोटरी असतात, सांगितलेल्या कोनावर तो नेमका थांबतो. पोकलेनचा हात तेलावर चालतो, आणि तेल इतकं आज्ञाधारक नसतं. पंपाचं तेल बूम (कॅबिनजवळचा मोठा हात), आर्म (त्यापुढचा हात), बकेट (टोकाचं दातेरी खोरं) आणि कॅबिन गोल फिरवणारी मोटर यांच्यात वाटलं जातं. बूम उचलता उचलता बकेट ओढली की दोघांत तेलाची ओढाताण सुरू होते. लिव्हर थोडासा हलवला तर काहीच होत नाही, व्हॉल्व्ह बंदच राहतो. आणखी थोडा हलवला की तेल सुटतं. ही सगळी मोजणी बाबांच्या मनगटात आहे. कॉम्प्युटरला ती आकड्यांत द्यावी लागते, आणि ते आकडे दिवसभरातसुद्धा बदलत राहतात.

हे मला गेल्या जानेवारीत कळलं. कंट्रोल, म्हणजे पोकलेन आपोआप चालवणारा प्रोग्रॅम, मी शरद ऋतूत बसवला होता, तेव्हा तो छान चालत होता. उणे २० च्या एका सकाळी तोच प्रोग्रॅम सुरू केला. तेल काकवीसारखं घट्ट झालेलं. बूम आधी हललाच नाही, मग एकदम सुटला आणि बकेट ठरलेल्या रेषेच्या अर्धा मीटर खाली जाऊन रुतली. कुंपणाच्या आत कोणी नव्हतं. मी लाल बटण दाबलं आणि बराच वेळ हात त्यावरच ठेवून उभी राहिले. चूक पूर्णपणे माझी होती, तेलाचं तापमान मी हिशोबात धरलंच नव्हतं. रविवारी बाबांना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "गाडी गरम केली नाही ना? मी तं सकाळी दहा मिनिटं रिकामाच बूम वर-खाली करतो. तेल फिरू द्या लागते." नागपूरच्या हिवाळ्यात, जिथे पाणीसुद्धा गोठत नाही, तिथे हा माणूस रोज तेल फिरवून घेतो. तिथल्या मे महिन्यात तेच तेल इतकं पातळ होतं की लिव्हरची चाल पुन्हा वेगळी. आता माझ्या कंट्रोलमध्ये तेलाचं तापमान आहे.

मे महिन्यात घरी आले तेव्हा बाबांबरोबर हिंगण्याच्या बाजूला साइटवर गेले. पाइपलाइनसाठी चर खोदायचा होता. पारा ४५ च्या वर, कॅबिनला एसी नाही. सीटचा फोम कधीच गेलाय, त्यावर गोणपाटाची घडी. मी दारात अंग चोरून उभी होते. वरची काळी माती भेगाळलेली, ढेकळं होऊन निघत होती. खाली पिवळट मुरूम लागला, बकेट भरभर भरायला लागली. आणि मग बाबा म्हणाले, "ऐक." इंजिनाचा आवाज किंचित बसला होता, खाली खडक लागला होता. मला वाटलं आता जोर लावतील. त्यांनी उलट बकेट चार बोटं वर घेतली, दात जरासे आडवे केले आणि खडकाच्या पाठीवरून मुरूम खरवडून काढला. दात खडकात अडकले नाहीत, इंजिन दबलं नाही, तेल तापलं नाही. सगळं मिळून दोन सेकंद.

त्या दोन सेकंदांसाठी आम्ही इकडे तेलाच्या दाबाने हात हलवणाऱ्या सिलिंडरवर प्रेशर सेन्सर लावतो, बूम आणि आर्मवर कलण्याचा कोन सांगणारे सेन्सर चिकटवतो, उपग्रहावरून यंत्राची जागा सेंटिमीटरपर्यंत मोजतो. तरीही माती हाताळणं फार कठीण जातं, कारण एका बकेटीची माती दुसऱ्या बकेटीसारखी नसते.

तरी बरंच झालंय. जपानात १९९१ साली उन्झेन ज्वालामुखीच्या तप्त लोटात ४३ माणसं गेली. त्यानंतर तिथलं माती-दगड हटवण्याचं काम लांबून चालवलेल्या यंत्रांनी केलं. चिलीतल्या गॅब्रिएला मिस्त्राल तांब्याच्या खाणीत २००८ पासून कोमात्सुचे डंपर ड्रायव्हरविना धावतात. झुरिकच्या ईटीएच संस्थेतल्या संशोधकांनी १२ टनी यंत्राकडून ६ मीटर उंच, ६५ मीटर लांब भिंत रचून घेतली, सिमेंट न लावता, नुसती दगडावर दगड ठेवून. त्यांचा शोधनिबंध २०२३ मध्ये आला. तो वाचला त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

पण खाण बंदिस्त असते. आपल्या साइटवर हेल्पर बकेटीपासून हातभर अंतरावर उभा राहून इशारे करतो, डबा घेऊन कोणाची तरी बायको येते, पोट्टे सायकली घेऊन बघायला थांबतात. युरोपात यंत्रांचे नवे नियम २० जानेवारी २०२७ पासून लागू होतील, त्यात आपोआप चालणाऱ्या फिरत्या यंत्रांचाही विचार आहे. हिंगण्याच्या त्या चरापाशी ऑपरेटरविना पोकलेन उभी करायला मी आज तयार होणार नाही.

मामांना मात्र खरं उत्तर द्यायला हवं. खाणींत ड्रायव्हरच्या जागा कमी झाल्याच, हे मी लपवणार नाही. पण बाबांची कंबरही माझ्यासमोर आहे. रात्री ते कुशीवर वळतात तेव्हा आधी हाताने पलंगाची कड धरतात. युरोपात सीटमधून अंगात जाणाऱ्या कंपनाला २००२ च्या निर्देशाने मर्यादा आहे: आठ तासांच्या हिशोबाने १.१५ मीटर प्रति सेकंद वर्ग, आणि ०.५ च्या वर गेलं की मालकाला उपाय करावेच लागतात. बाबांच्या गोणपाटाला असला कोणताच हिशोब लागलेला नाही. मला हवंय ते असं: गाडी धक्के खाईल, बाबा सावलीत बसून दोन गाड्यांवर लक्ष ठेवतील, आणि त्या खुर्चीत ऑपरेटरच बसेल. त्यासाठी आयटीआयमध्ये आजच्या ऑपरेटरांना हे शिकवायला आत्ताच सुरुवात व्हायला हवी, यंत्रं आल्यावर नाही.

मेपासून बाबा मला व्हॉट्सॲपवर आवाज पाठवतात. खिशात फोन ठेवून रेकॉर्ड करतात आणि मध्ये बोलतात: "ही काळी माती." "हा ओला मुरूम." आतापर्यंत ४१ झालेत. कालच्यात बराच वेळ नुसतं इंजिन आहे, मग बाबांचा आवाज, "आता दगड लागते." त्यानंतर दीड सेकंदाने इंजिन बसतं. मी आलेख काढून पाहिला, पुन्हा पुन्हा ऐकलं. ते बोलतात तेव्हा आवाजात काहीही बदललेलं नाही. त्यांना ते लिव्हरमधून कळलं, पायाखालच्या पत्र्यातून कळलं, की कंबर मोडणाऱ्या त्याच सीटमधून? या रविवारी पहिला प्रश्न मी विचारणार आहे.