शेपटीवाला ओ आणि दादाच्या लग्नाची डीव्हीडी

आमच्या साताऱ्याच्या घरचा टीव्ही २०२५ च्या गणपतीत गेला. एकदम नाही गेला, आधी चित्र खालून वर सरकायला लागलं, मग बाबांनी डोक्यावर दोन थपडा मारल्या की जागेवर यायचं, आणि गौरी जेवल्या त्या संध्याकाळी थपडांनाही दाद देईना. २१ इंची डबा होता, पाठीमागे हे एवढं पोट. आई म्हणाली बरं झालं, एकदाचा सुटला बिचारा.

मी पुण्याहून फोनवर म्हटलं बाबा काही घेऊ नका, मी येते मग बघू. पण बाबा ऐकतायत होय, दुसऱ्याच दिवशी टेप घेऊन शोकेसचा मधला कप्पा मोजला. बरोब्बर ४२ इंच. मग मला फोन, "अगं, ४३ चा बसत नाही, ४० चा बघावा लागेल." मला पाच मिनिटं लागली समजावायला की टीव्हीचे इंच हे आडवे नसतात, एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके मोजतात. ४३ चा टीव्ही आडवा साधारण साडेसदतीस इंचच भरतो, आरामात बसेल. ५० चा मात्र साडेत्रेचाळीसच्या वर जातो, तो नाही बसणार, आणि ५५ चा तर सरळ चार फूट. म्हणजे आमचा साइज सुताराने वीस वर्षांपूर्वीच ठरवून ठेवला होता, त्यावर चर्चाच नाही. बाबांनी तरी खात्रीसाठी पेपर चिकटवून तेवढा आयत कापला आणि कप्प्यात उभा करून ठेवला. पुढचे तीन आठवडे आई त्या पेपरच्या टीव्हीवर धूळ झटकत होती.

तीन आठवडे का, तर सप्टेंबरच्या सुरुवातीलाच जाहीर झालं होतं की ३२ इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर येणार, २२ सप्टेंबरपासून, आणि नेमकी त्याच दिवशी घटस्थापना. दुकानदारानेच सांगितलं काका थांबा म्हणून. कंपनीने पूर्ण कपात दिली तर ३२,००० चा टीव्ही २९,५०० ला पडतो, बाबांनी पेपरच्या समासात हिशोब करून दाखवला.

तर मी दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी गेले. आणि जाताना एक गोष्ट केली ज्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घ्यावीशी वाटते, दादाच्या लग्नाची डीव्हीडी पेन ड्राइव्हवर कॉपी करून नेली. कारण दुकानात सगळ्या टीव्हींवर एकच ते पोपट, चिरलेली डाळिंबं, कुठल्यातरी समुद्राचं निळंशार पाणी. ते बघून काही कळत नाही हो. ते व्हिडिओ मुद्दाम त्यासाठीच बनवलेले असतात आणि वर टीव्ही असतो दुकानाच्या मोडवर, म्हणजे ब्राइटनेस आणि रंग दोन्ही शेवटपर्यंत पिळलेले.

सेल्समन पोरगा चांगला होता पण त्याची टेप सुरू झाली की थांबत नव्हती. "काका हा फोर के आहे, एचडीआर टेन आहे, डॉल्बी आहे, एक अब्ज कलर आहेत, क्यूएलईडी आहे." बाबा मान डोलवत होते. मग हळूच मला विचारलं, "क्यूएलईडी आणि ओएलईडी एकच का गं?" मी म्हटलं बाबा, ओ ला शेपटी लावली की क्यू होतो, फरक तेवढाच दिसतो पण किमतीत बघा. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो, म्हणून काळा म्हणजे काळा. क्यूएलईडी हा आपला एलसीडीच, मागे दिवे, पुढे पडदा, मध्ये क्वांटम डॉट्सचा एक थर, ज्याने रंग जास्त शुद्ध येतात. आता हे क्वांटम डॉट काही थापेबाजी नाही, त्यावर २०२३ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालंय तिघांना, बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह. पण नोबेलवाला थर असला तरी मागचे दिवे साधे असतील तर टीव्ही साधाच. आणि ज्याला आपण इतकी वर्षं एलईडी टीव्ही म्हणतोय ना, तोही एलसीडीच आहे, एलईडी फक्त मागचे दिवे. ओएलईडी आम्ही सोडून दिला, बजेट नव्हतं हे तर आहेच, शिवाय आई दिवसभर एकच चॅनल लावते आणि कोपऱ्यातला तो लोगो एकाच जागी तासन्‌तास, ओएलईडीवर त्याचा डाग कायमचा राहू शकतो.

मग मी पेन ड्राइव्ह काढला. पोरगा आधी नको म्हणत होता, मग बाबांच्या वयाकडे बघून लावला. त्याने लावला ५५ इंची, सगळ्यात महाग सेटवर. आणि काय सांगू, मंगलाष्टकं सुरू झाली आणि दुकानातली तीन-चार गिऱ्हाइकं अक्षता टाकायला आल्यासारखी मागे येऊन उभी राहिली. चित्र मात्र असं की मामा कोण आणि मावशी कोण कळेना. बाबा म्हणाले, "अगं हे तर आपल्या डब्यावर याच्यापेक्षा स्पष्ट दिसायचं." पोरगा म्हणाला काका तुमचा व्हिडिओ जुना आहे. बरोबरच होतं त्याचं, पण मुद्दा तोच तर होता!

कारण बघा, आपल्याकडे दूरदर्शनच्या काळापासून चित्र ६२५ रेघांचं, त्यातल्या डोळ्यांना दिसणाऱ्या ५७६. डीव्हीडीही त्याच मापाची, ७२० बाय ५७६, आणि केबलवरचे साधे म्हणजे एसडी चॅनलही फार तर तेवढेच. म्हणजे सव्वाचार लाखाच्या आत ठिपके. फोर के म्हणजे ३८४० बाय २१६०, जवळजवळ ८३ लाख. म्हणजे आलेल्या एका ठिपक्याचे टीव्हीला वीस करायचे असतात, उरलेले एकोणीस त्याने अंदाजाने भरायचे. याला अपस्केलिंग म्हणतात, आणि ते कार्टनवर कुठेच नीट लिहिलेलं नसतं, फार तर एखादा प्रोसेसरचा भारदस्त शब्द असतो. ज्या घरात नव्वद टक्के वेळ केबल चालते तिथे खरं तर हेच सगळ्यात आधी बघायला पाहिजे. आम्ही ती डीव्हीडी मग चार वेगवेगळ्या ४३ इंचींवर लावली आणि फरक सरळ दिसला, एकावर चेहरे मेणाचे, एकावर शेल्याच्या काठाला मुंग्या आल्यासारखं, एकावर बऱ्यापैकी माणसं.

फोर केबद्दल अजून एक, आमचा दिवाण टीव्हीपासून नऊ फुटांवर आहे. ४३ इंची पडद्यावर साध्या फुल एचडीचेसुद्धा (म्हणजे फोर केच्या पावपट) ठिपके साडेपाच-सहा फुटांच्या पुढे डोळ्याला वेगळे दिसेनासे होतात. म्हणजे नऊ फुटांवरून फोर के की फुल एचडी हे गरुडालाच कळेल. पण आता या साइजमध्ये बहुतेक फोर केच मिळतो, त्यामुळे घेतला, एवढंच.

रंगाचं पण हळदीवर कळलं. दुकानाच्या मोडवर वहिनीची हळद भगव्या झेंड्यासारखी पेटली होती आणि दादाचा चेहरा टोमॅटो. सेटिंगमध्ये जाऊन मोड सिनेमा केला तशी हळद हळदीवर आली. पोरगा म्हणाला मॅडम डल दिसतंय. दिसणारच, शेजारी पोपट चालू आहेत ना.

आता एचडीआर. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण सगळ्यात जास्त फसगत इथे होते. एचडीआर म्हणजे उजेड आणि अंधार यातला जो खरा फरक असतो तो चित्रात जास्त ठेवणं, दिव्याची ज्योत खरंच चमकली पाहिजे आणि त्याच वेळी कोपऱ्यातली काळी साडी नुसता काळा ठिपका न होता तिचा काठ दिसला पाहिजे. त्यासाठी पडद्याला उजेड पाडता यावा लागतो, तो मोजतात निट्समध्ये. एचडीआर सिनेमे बरेचदा १,००० निट्स धरून तयार करतात, काही तर ४,०००. आणि आपल्या बजेटमधले टीव्ही २५०-३०० च्या आसपास. पण कार्टनवर एचडीआर लिहिलेलं असतंच, आणि ते खोटंही नसतं! कारण त्याचा अर्थ एवढाच की तो सिग्नल टीव्हीला समजतो. समजणं वेगळं आणि दाखवणं वेगळं. कढईभर आमटी आहे पण वाटी तेवढीच, वाढणारा काय करणार, थोडी वाढतो. शिवाय मागचे दिवे सगळे एकत्रच कमी-जास्त होत असतील तर ज्योत उजळायला गेलं की काळी साडी पण करडी होते. दिवे भागाभागाने विझवता आले तर त्याला लोकल डिमिंग म्हणतात, ते आमच्या किमतीत नव्हतं. मग एचडीआर१०, एचडीआर१० प्लस, डॉल्बी व्हिजन हे पोटभेद, पहिल्यात अख्ख्या सिनेमाला उजेडाची एकच सूचना, दुसऱ्या दोघांत प्रसंगागणिक वेगळी. सॅमसंगच्या टीव्हीत डॉल्बी व्हिजन नसतं, ते प्लसवाले. पण ३०० निट्सवर यावरून भांडणं म्हणजे बाजारात तुरी.

मी पोराला विचारलं किती निट्स? तो म्हणाला, "मॅडम, एचडीआर आहे ना." मी परत विचारलं. त्याने मॅनेजरला विचारलं. मॅनेजर म्हणाला एचडीआर टेन आहे. मग मी नाद सोडला.

एक अब्ज रंगांचं सांगते पटकन, लाल हिरवा निळा या प्रत्येकाच्या २५६ छटा असल्या की ८ बिट, सगळे मिळून १ कोटी ६७ लाख रंग. १० बिटमध्ये प्रत्येकी १,०२४, तिथून ते १०७ कोटी येतात. फरक कळतो तो संध्याकाळच्या आभाळात, ८ बिटवर कधीकधी रंगाचे पट्टे पडतात. बाकी आईच्या मालिकेत कोणी आभाळाकडे बघत नाही.

आणि शेवटी टीव्ही ठरला तो कशावर, तर आईवर. आई दिवाणावर बसून टीव्ही बघतच नाही, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट घेऊन मेथी निवडत तिरकी बघते. म्हणजे तिचा कोन साठ अंशांचा असेल. एलसीडी पडद्यात दोन मुख्य जाती, आयपीएस आणि व्हीए. व्हीए समोरून झकास, काळा छान गडद, पण बाजूला गेलं की रंग पांढुरके पडतात. आयपीएसचं उलट, काळा जरा राखाडी पण बाजूनेही रंग टिकतो. हे कार्टनवर बहुधा नसतंच. मी सरळ दुकानात आईला उभं केलं, साधारण उंबरा असेल तिथे, फ्रिजच्या रांगेपाशी. एका सेटवर म्हणाली, "ही वहिनी आजारी वाटते." दुसऱ्यावर म्हणाली, "हं, ही आपली." तोच घेतला. बाबांनी निघताना पोराला विचारलं हर्ट्झ किती, म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो, कुठेतरी वाचलं असणार. तो म्हणाला १२०. मी मागची चिठ्ठी दाखवली, तिथे ६० होतं, १२० हा कंपनीचा मोशनचा काहीतरी स्वतःचा आकडा. बाबा विजयी मुद्रेने माझ्याकडे बघत होते, जणू त्यांनीच पकडलं.

इथपर्यंत मी फार हुशार. आता पुढचं.

दसऱ्याला टीव्ही आला, मी हट्टाने एचडी सेटटॉप बॉक्सही घ्यायला लावला. आणि रोज फोनवर बाबांचं एकच, धुरकट दिसतंय. मी म्हणतेय सेटिंग बदला, मोड बदला, लांब बसा. आई म्हणाली सगळ्या नायिका सुजल्यात. दिवाळीला गेले, टीव्हीमागे हात घातला तर काय, केबलवाल्या पोराने सवयीने पिवळी-लाल-पांढरी पिन लावलेली, जुन्या डब्याचीच. त्या पिवळ्या पिनेतून एचडी येतच नाही, बॉक्स कितीही एचडी असो, ते तेच आपलं ५७६ रेघांचं. २०० रुपयांची एचडीएमआय वायर लावली आणि आई उंबऱ्यातून म्हणाली, "अगंबाई, हिला तीळ आहे."

त्याच दिवशी मी पुण्याहून आणलेला छोटा साउंडबार लावला, कारण बाबांना संवाद ऐकू येत नाहीत, चपट्या टीव्हीचे स्पीकर खाली तोंड करून असतात, २० वॉट लिहिलेलं असलं तरी आवाज शोकेसच्या फळीला सांगितल्यासारखा. लावला आणि आवाजच नाही. अर्धा तास मी रिमोट बडवतेय. मग बाबांनी चष्मा लावून मागे वाकून वाचलं, "इथे दोन नंबरला कंसात एआरसी लिहिलंय, तू एकात घातलीस." एआरसी म्हणजे आवाज उलटा बाहेर सोडणारं भोक, ते टीव्हीच्या तीन एचडीएमआय भोकांपैकी एकच असतं. हे मला माहीत होतं. लिहिलेलं वाचलं नाही.

आणि रात्री बाबांनी जुना कृष्णधवल मराठी सिनेमा लावला, पाच मिनिटांनी म्हणाले हे नाटक वाटतंय, सिनेमा वाटत नाही. ते मोशन स्मूथिंग, टीव्ही सेकंदाच्या २४ फ्रेम्सच्या मध्ये आपल्या मनाच्या घालतो आणि सगळं गुळगुळीत होतं. बंद केलं. क्रिकेटला परत चालू करा म्हटलं तर बाबा म्हणाले नको, बॉल दिसतोय मला.

एकच राहिलंय. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यातलं स्टिकर बाबा काढू देत नाहीत, त्यावर स्टार आहेत आणि फोर के एचडीआर लिहिलंय, वॉरंटी जाईल म्हणतात. रन दिसतात, ओव्हर दिसतात, विकेट किती गेल्या ते स्टिकरखाली. त्या ते मला फोन करून विचारतात.