बारा माइक काढले, एक ठेवला

हौशी मंडळींच्या जॅझ महोत्सवात साउंडवाल्याची खरी परीक्षा दोन बँडच्या मधल्या वीस मिनिटांत असते. त्या दुपारी नेमकं तेव्हाच स्टेजवरचा, सगळे माइक जोडलेला डिजिटल बॉक्स आणि आवाजांचा तोल साधणारा समोरचा मिक्सर यांचा संपर्क तुटला. पियानोची ट्रॉली नेटवर्क केबलवरून गेली होती. अशी केबल वरून धडधाकट दिसते, आतल्या तारा चेपलेल्या असतात. दिवा हिरवाच राहतो आणि आवाज तुटक येतो. नवी पन्नास मीटर केबल गर्दीतून ओढायला अर्धा तास तरी हवा होता.

पुढचा बँड जुन्या न्यू ऑर्लिन्स शैलीतला. कॉर्नेट (ट्रम्पेटचा आखूड भाऊ), क्लॅरिनेट, ट्रॉम्बोन, बँजो, सूझाफोन (अंगाभोवती गुंडाळलेलं खर्जाचं पितळी वाद्य), ड्रम. सहा वादक, बारा माइक. आम्ही बाराही काढले. स्पीकर स्टेजलाच होते, म्हणून कडेला छोटा अ‍ॅनालॉग मिक्सर ठेवला आणि मधोमध एकच कंडेन्सर माइक उभा केला.

ही युक्ती जॅझइतकीच जुनी. एप्रिल १९२३मध्ये इंडियानातल्या रिचमंडला, जेनेट या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत किंग ऑलिव्हरच्या बँडने ध्वनिमुद्रण केलं तेव्हा माइक नव्हताच, सगळे एका कर्ण्यासमोर वाजवत. त्या बँडमधल्या लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट बाकीच्यांना झाकून टाकायचा, म्हणून त्याला बराच मागे उभं केलं असं सांगतात. मोठ्या ढोलाच्या धक्क्याने आवाज कोरणारी सुई उडण्याची भीती, म्हणून ड्रमर बेबी डॉड्झने लाकडी ठोकळ्यांवर भागवलं. थोडक्यात, मिक्सिंग पायांनी, म्हणजे पुढे-मागे उभं राहून व्हायचं.

आम्हीही स्टेजवर टेपच्या खुणा केल्या. अंतर दुप्पट झालं की थेट आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो, एवढा हिशोब पुरतो. बँजो सर्वांत दुबळा, त्याची खुर्ची ६० सेंटिमीटरवर. क्लॅरिनेट एक मीटरवर. तिचा आवाज मुख्यतः बोटांखालच्या भोकांतून निघतो, त्यामुळे तोंड माइककडे वळवायची गरज नाही. ट्रॉम्बोन दोन मीटरवर, पुढे स्लाइडला मोकळी जागा सोडून. कॉर्नेट अडीच मीटरवर आणि थोडा तिरका, कारण भोंगा सरळ रोखला की आवाज टोचतो. सूझाफोन आणि ड्रम सगळ्यांच्या मागे. माइक कार्डिऑइड, म्हणजे पाठीमागून जवळजवळ बहिरा. त्याची पाठ प्रेक्षकांकडे आणि स्पीकर त्याच्याही पुढे, म्हणून स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून होणाऱ्या शिट्टीचा धोका कमी. उघड्यावरचा वारा होता, तेव्हा जाड फोमची टोपी घातली आणि ८० हर्ट्झखालचा खर्ज कापला. फेडर, म्हणजे आवाजाची सरकपट्टी, हळूहळू वर नेला, ज्या स्वराला शिट्टी सुरू झाली तो तीन-चार डेसिबल दाबला आणि फेडर सहा डेसिबल खाली आणून सोडला.

वाद झाला तो मॉनिटरवरून, म्हणजे वादकांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्टेजवरच्या स्पीकरांवरून. मी ते बंद ठेवले. ‘मला काहीच ऐकू येणार नाही,’ असं बँजोवाल्याचं म्हणणं. त्याला म्हटलं, कॉर्नेट तुम्हाला ऐकू येत नसेल तर तुम्ही जोरात वाजवताय. हे जरा उद्धटच झालं, पण अर्धवर्तुळात बसल्यावर दुसऱ्या गाण्यापर्यंत सगळे एकमेकांकडे बघून वाजवायला लागले. माझ्या मते या संगीताचा अर्धा गोडवा त्यातच आहे, आणि प्रत्येकाच्या पुढ्यात स्वतःचा मॉनिटर आला की तो जातो.

अडचणी आल्याच. पहिल्या गाण्यात क्लॅरिनेट दबली, कारण तिच्या आणि माइकच्या मध्ये नोटेशनचा स्टँड होता. तो कमरेखाली उतरवताच आवाज उघडला. शेवटच्या रांगेत बँजो पोहोचेना, तेव्हा खुर्ची १५ सेंटिमीटर पुढे सरकवली, म्हणजे जवळपास अडीच डेसिबल मिळाले. कॉर्नेटवाला गायला पुढे यायचा तेव्हा ६० सेंटिमीटरच्या खुणेवरच थांबायचा. त्याहून जवळ आला की कार्डिऑइड माइक आवाज जाड करतो आणि ‘प’, ‘फ’ फटाफट आदळतात. ड्रमरने काठ्यांऐवजी ब्रश घेतले आणि मोठा ढोल पायानेच हळू वाजवला.

कार्यक्रमाचं रेकॉर्डिंगही त्याच एका माइकवर झालं. तिसऱ्या गाण्यात ट्रॉम्बोनवाला रंगात येऊन खूण ओलांडून पुढे सरकला आणि तिथे बँजो पार बुडाला आहे. बारा ट्रॅक असते तर ट्रॉम्बोन उतरवता आला असता. इथे एकच ट्रॅक, तेव्हा ते गाणं आहे तसंच राहणार.