तुम्ही विचारलंत म्हणून: गारठ्यातला ॲव्होकाडो

कॅलिफोर्नियात सॅक्रामेंटोला आमच्याकडे जेवायला येणारे मराठी पाहुणे परसातले झाड पाहून हमखास विचारतात, की दुकानातल्या हॅस जातीच्या ॲव्होकाडोची बी रुजवली तर इथल्या थंडीत तिला फळ धरेल का. बी रुजेल, पण फळाची आशा धरू नये, असेच मी सांगतो. बीपासून वाढलेले झाड मूळ जातीवर जात नाही आणि फळाला आठ-दहा वर्षेही घेते. शिवाय हॅसमध्ये ग्वाटेमालाच्या वाणाचा अंश मोठा असल्यामुळे पारा उणे २ अंशांच्या आसपास उतरला की ते पोळते.

मी स्वतः पहिल्यांदा हॅसचेच कलम आणले आणि तेही परसाच्या सर्वांत सखल कोपऱ्यात लावले. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री गार हवा पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन खोलगट जागी साचते, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. डिसेंबरातल्या एका सकाळी पाने उकडलेल्या पालकासारखी काळपट आणि लिबलिबीत होऊन लोंबत होती.

त्यानंतर थंडी अधिक सोसणाऱ्या मेक्सिकन वाणाकडे वळलो. १९११ साली मेक्सिकोतल्या अत्लिस्को गावाहून कॅलिफोर्नियात आणलेले एक कलम १९१३च्या कडाक्यातून तगले, म्हणून त्याचे नाव ‘फुएर्ते’, म्हणजे दणकट, असे पडले. त्यातही मेक्सिकन रक्त आहे. मी लावले ते ‘मेक्सिकोला’. त्याचे मोठे झाड उणे ६ अंशांपर्यंत सोसते, पाने चुरगाळली की बडीशेपेचा वास येतो, आणि फळ लहान, काळे, कागदासारख्या पातळ सालीचे असते. ती साल वाहतुकीत टिकत नाही, म्हणून हे फळ बाजारात दिसत नाही. चवीला मात्र मला ते हॅसहून सरस वाटते.

खरी कसोटी पहिल्या तीन हिवाळ्यांची. आमची जमीन चिकण असल्यामुळे मी दोन फूट उंचीचा मातीचा उंचवटा करून, घराच्या दक्षिण भिंतीलगत, त्यावर कलम लावले. कारण थंडीइतकीच, कदाचित जास्तच, झाडे गार पाणी साचून मुळे कुजल्याने जातात. कडाक्याच्या आदल्या दिवशी आळे भिजवतो, कारण ओली जमीन दिवसाची ऊब धरून ठेवते. निफाडला द्राक्षबागायतदार थंडीच्या रात्री बागेला पाणी देतात, ते मी लहानपणापासून पाहिलेले आहे. कलमाच्या जोडाच्या वरपर्यंत माती चढवतो, म्हणजे शेंडा गेला तरी जोडावरून पुन्हा फुटवा येतो. खुंट्यांवर चादर अशी टाकतो, की ती पानांना न टेकता जमिनीपर्यंत पोहोचेल, आणि आत जुन्या पद्धतीच्या नाताळच्या दिव्यांची माळ सोडतो. एलईडीची माळ इथे निरुपयोगी, कारण ती तापतच नाही.

पोळलेल्या फांद्या लगेच छाटू नयेत, हेही सांगतो. मी स्वतः एप्रिलपर्यंत थांबतो आणि नवी पालवी जिथे फुटते तिथवरच छाटतो. ज्या फांद्या जानेवारीत मेल्याच असे वाटले होते, त्यांतल्या दोघींवर गेल्या सप्टेंबरात फळे होती.