अजूनही खोबरेल? तुम्ही विचारलंत म्हणून

हळदीकुंकवाला, गणपतीत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही गेलं तरी कुणीतरी हळूच विचारतंच: ‘काय हो, अजूनही खोबरेलच खाता का?’ ‘अजूनही’वर जोर असतो. नवऱ्याच्या हृदयात स्टेंट बसला, तरीही? असा त्याच्या पोटातला प्रश्न. आजवर हसून विषय बदलत आले. आता एकदाच सांगते, म्हणजे पुढच्या हळदीकुंकवाला तिळगुळाबद्दल बोलता येईल.

आधी हे की आमच्याकडे सगळा स्वयंपाक खोबरेलात होत नाही, कधीच होत नव्हता. फोडणी शेंगदाण्याच्या तेलाची, लोणचं मोहरीच्या तेलातलं, पोह्यांना बरीच वर्षं सोयाबीन, कारण माळव्यात राहून सोयाबीन टाळणार कसं? देशाची सोयाबीन संशोधन संस्थाच इंदूरात, खंडवा रोडवर आहे. खोबरेल येतं ते आईकडून. आई कारवारची. उपकरी, म्हणजे तिकडची परतलेली भाजी, गॅसवरून उतरवली की वरून चमचाभर कच्चं खोबरेल आणि लगेच झाकण. ते नसेल तर ती भाजी होते, उपकरी होत नाही. एवढंच कारण आहे. चव.

पण हे उत्तर मी पूर्वी देत नसे. दहा-बारा वर्षांपूर्वीची मी तुम्हाला पकडून सांगायची की खोबरेलातली चरबी मध्यम साखळीची, म्हणजे मध्यम लांबीच्या रेणूंची, थेट यकृतात जाते, अंगावर चढत नाही. त्या बाईशी माझं अजून भांडण चालतं. मी तिला म्हणते, अगं, तू ज्या प्रयोगांचं सांगतेस ते आठ आणि दहा कार्बनवाल्या आम्लांच्या खास तेलावरचे. खोबरेलात ती आम्लं जेमतेम १२ ते १५ टक्के. निम्म्याच्या आसपास आहे लॉरिक आम्ल, आणि ते पचताना पुष्कळसं लांब साखळीसारखंच वागतं. संपृक्त, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी, चरबी धरलीस तर एकूण नव्वद टक्क्यांच्या घरात. तुपापेक्षाही जास्त.

ती गप्प बसत नाही. म्हणते, मग कोचीच्या अमृता संस्थेतला तो अभ्यास? २०१६ सालचा. हृदयरोग असलेले दोनशेच्या आसपास रुग्ण, दोन वर्षं, निम्म्यांना खोबरेल, निम्म्यांना सूर्यफूल, आणि शेवटी दोन्हीकडे सारखंच. मी म्हणते, त्या रुग्णांवर औषधोपचार चालू होते, आणि दोनशे माणसं म्हणजे काही फार नव्हेत. शिवाय २०२० साली बऱ्याच प्रयोगांची एकत्र बेरीज झाली, त्यात सोयाबीन-सूर्यफुलासारख्या तेलांच्या तुलनेत खोबरेलानं वाईट कोलेस्टेरॉल सरासरी दहा अंकांनी वाढवलेलं दिसलं. ‘आणि चांगलंही चारनं वाढवलं की,’ ती म्हणते. हो, वाढवलं. त्या चाराचा हृदयाला उपयोग किती, यावर जाणकारांचंही एकमत नाही, तर आम्हा दोघींचं कुठून व्हायचं?

आता ते हॉस्पिटलचं.

थंडीचे दिवस होते. रात्री नवऱ्याच्या छातीत दुखायला लागलं, जबड्यापर्यंत कळ गेली, मुलानं गाडी काढली. पहाटेपर्यंत स्टेंट बसलेला होता. सकाळी वन्सं उज्जैनहून आल्या. मी कॉरिडॉरमध्ये चहाचा थर्मास घेऊन उभी. दोन्हीकडचे नातेवाईक, शेजारच्या भाभी, मुलाचे मित्र, सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, ‘तरी मी सांगत होते, ते केसांचं तेल माझ्या भावाला खाऊ घालू नकोस.’

कुणी काही बोललं नाही. आपण चहा ओततोय आणि कप भरून खाली सांडतोय हे मला भाभींनी हात धरला तेव्हा कळलं.

माझ्या ओठांवर एक वाक्य होतं: मामंजी पंचावन्नाव्या वर्षी याच दुखण्यानं गेले, त्यांनी तर जन्मात खोबरेल चाखलं नव्हतं. पण ते वन्संचे वडील. गिळलं.

मग आहारतज्ज्ञ मुलगी फॉर्म घेऊन आली. पहिला प्रश्न: तेल कोणतं? मी तिन्ही-चारी नावं सांगितली. तिनं खोबरेलाभोवती लाल गोल केला. किती, हे विचारलंच नाही. शेव खाता का, हेही नाही. आमच्या घरात पोह्यांवर शेव, वरणावर शेव, नुसतीच शेव; शंभर ग्रॅम शेवेत तिसरा हिस्सा तरी तेलच असतं. सिगारेटच्या रकान्यावर वन्सं म्हणाल्या, ‘कधीमधी.’ मला रोजचं पाकीट माहीत होतं. मी तेव्हाही बोलले नाही. का बोलले नाही, हे मला अजून नीट सांगता येत नाही. डॉक्टरांना मात्र नंतर एकटीनं गाठून सांगितलं. ते म्हणाले, आधी सिगारेट, मग साखर, तेलाचं नाव त्याच्या पुष्कळ नंतर.

संध्याकाळी खिचडी करायला घरी आले तर फळीवरची खोबरेलाची बाटली गायब. वन्संनी ती कामाच्या बाईंना देऊन टाकली होती, डोक्याला लावायला. चोवीस अंशांखाली ते गोठतं, त्यामुळे पांढरं घट्ट झालेलं असणार. बाई बिचाऱ्या उन्हात ठेवत बसल्या असतील. शेवेचा डबा जागच्या जागी होता.

त्या रात्री मी औषधांच्या बिलामागे हिशेब मांडला. मोठा चमचा म्हणजे साडेतेरा ग्रॅम तेल, त्यात संपृक्त चरबी अकरा-बारा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, एकूण ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवा. दोन हजार कॅलरी खाणाऱ्याला रोजचे बावीस ग्रॅम. म्हणजे खोबरेलाचे दोन चमचे आणि दिवसाचा कोटा खलास. आमचा चमचा चौघांच्या भाजीत, तोही रोज नाही. हिशेब माझ्या बाजूनं लागला. पण सुरमई मिळाली की ती खोबरेलातच तळली जायची, आणि ते तेल मी त्या कागदावर मांडलं नव्हतं. मांडायचं नव्हतं म्हणून मांडलं नव्हतं.

पुढे काही महिने खोबरेल बंदच होतं. मग एकदा नवऱ्यानंच उपकरीचं ताट सरकवलं आणि म्हणाला, हे काय केलंयस? पुन्हा छोटी बाटली आली.

कुठलं घ्यायचं, हेही तुम्ही विचारताच. निळी बाटली केसांची की खायची, यावर तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला होता. तेव्हा खाद्यतेलाला कर कमी होता आणि केशतेलाला जास्त, म्हणून. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल लागला: बाटली लहान आहे म्हणून खोबरेल तेल केशतेल ठरत नाही. तेव्हा वन्सं, पाठीमागे खाद्यतेल लिहिलंय का ते बघा. ओल्या नारळाचं व्हर्जिन महाग पडतं. मी सुक्या खोबऱ्याचं, घाण्याचं घेते, वास घेऊन. खवट खोबऱ्याचं तेल नाकाला लगेच कळतं. २०२५ मध्ये केरळातच लिटरला चारशेच्या वर भाव गेला, तेव्हा चमचा आपोआप लहान झाला. तळणाला आता शेंगदाण्याचंच.

‘कोलेस्टेरॉल फ्री’ वाचून मात्र हुरळू नका. कुठल्याच वनस्पती तेलात कोलेस्टेरॉल मोजण्याइतकं नसतं. इथल्या सियागंजच्या घाऊक बाजारात पीपा घेताना आणि दुकानात थैली घेताना ग्रॅम बघा: लिटर म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, आणि तेवढ्याच दिसणाऱ्या थैलीत कमीही असतं. माणशी रोज २५ ग्रॅम धरले तर चौघांना महिन्याला सव्वातीन लिटर. आमच्याकडे आधी पाचाच्या वर लागायचं. शेव वेगळी.

नवऱ्याची सिगारेट सुटली, शेव अर्धी झाली, रोजची गोळी चालू आहे, उपकरीवरचा चमचाही चालू आहे. रिपोर्ट चांगले येतात. वन्सं म्हणतात, बघ, खोबरेलात तळणं बंद केलंस म्हणून. मी म्हणते, सिगारेट. दोघी एकाच कागदावर बोट ठेवून भांडतो. गोळी थांबवून खरं कोण ते बघायची दोघींचीही छाती नाही, आणि बघूही नये. पुढची तपासणी मार्चमध्ये आहे.