एवढ्याशा गावात एवढं चर्च कसं?

इंग्लंडच्या हेरेफर्डशायर परगण्यातल्या किल्पेकचे फोटो पाहिलेले लोक हमखास विचारतात: मोजकी घरं, एक पब, आणि त्यात बाराव्या शतकातलं इतकं कोरीव चर्च आलं कुठून? तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर.

गाव पूर्वी एवढं किरकोळ नव्हतं. हेरेफर्डच्या नैर्ऋत्येला साधारण 14 किलोमीटरवर, वेल्सच्या हद्दीजवळचा हा आर्चनफील्डचा मुलूख. फ्रान्सकडून नॉर्मन राज्यकर्ते आले तेव्हा इथे वेल्श रीतीरिवाजच चालत होते. 1086च्या डूम्सडे बुकात, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, किल्पेक विल्यम फिट्झ नॉर्मनच्या ताब्यात दिसतं. 57 माणसं, त्यांचे 19 नांगर, आणि सारा म्हणून 15 मापं मध व 10 शिलिंग. याखेरीज एकच बंधन: लढाईला हजर व्हायचं. सरहद्दीवरच्या गावाकडून राजाला दुसरं हवं तरी काय होतं!

चर्चच्या पश्चिमेला मातीची गढी उभी राहिली, वर पुढे दगडी कोट आला. विल्यमचा मुलगा ह्यू याने 1134 साली इथलं चर्च ग्लॉस्टरच्या मठाला दिलं. आजची इमारत 1140च्या आसपासची मानतात. जॉन राजा 1211, 1213 आणि 1214 साली इथे येऊन गेला. 1259 साली बाजाराची सनदही मिळाली. पण सनद मिळाली म्हणून बाजार चालतोच असं नाही, आणि हेरेफर्डची मोठी पेठ हाकेच्या अंतरावर. शिवाय 1283पर्यंत इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने वेल्स जिंकलं, तेव्हा असल्या किल्ल्यांचं मुख्य कामच संपलं. सतराव्या शतकातल्या यादवी युद्धात उरलासुरला कोटही पाडला गेला.

जुनी पांढर चर्चच्या ईशान्येच्या कुरणात आहे. उन्हाळ्यात गेलात तर नुसतं गवत दिसेल. हिवाळ्यात, सूर्य खाली असताना जा. तिरप्या सावल्यांमुळे तटाचा बांध, घरांचे ओटे, खचलेल्या वाटा उठून दिसतात. ‘1348च्या प्लेगने गाव उठलं’ असं सांगून मोकळं होण्याची चूक मात्र नको. असली गावं बहुधा पिढ्यान्‌पिढ्या ओसरत जातात, आणि नुसत्या उंचवट्यांवरून साल ठरत नाही.

आता चर्च टिकलं कसं? आमच्या मते, गाव खुंटलं म्हणूनच. त्याच धाटणीचं, याच परगण्यातल्या शॉबडनचं चर्च धनिक जमीनदारांच्या गावात होतं. त्यांनी 1750च्या दशकात नव्या फॅशनचं चर्च बांधलं आणि जुन्या कोरीव कमानी शोभेसाठी टेकाडावर उघड्यावर नेऊन मांडल्या. पावसाने आणि थंडीने तिथला वालुकाश्म पार झिजला. किल्पेकला असली हौस करायला कुणी आलं नाही. 1848 साली वास्तुविशारद कॉटिंगहॅमने दुरुस्ती केली, तीही सांभाळून.

पाहायला गेलात तर आधी दक्षिणेचं दार पाहा, तेही उन्हात. मग वळचणीखालचे दगडी मुखवटे पाहत पूर्ण फेरी मारा. 85 उरलेत. कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी आहेत. मधल्या दालनाच्या ईशान्य कोपऱ्यात दगडांची ठेवण वेगळी आहे, ती नॉर्मनांच्या आधीच्या सॅक्सन काळातल्या भिंतीची मानतात. घाईत ती हमखास सुटते. मुखवटे उंचावर आहेत, दुर्बीण न्या.