आधी कागद, मग भाकरी : जर्मनीतला पहिला महिना

कोल्हापुरातून जर्मनीला शिकायला निघालेल्या पोराच्या घरी बॅगेवरून जेवढा खल होतो, त्याच्या निम्मासुद्धा कागदांवरून होत नाही. माझा अनुभव असा, की खाण्याचं कसंही भागतं. पण तिथे पोचल्यावर कागदांचा क्रम चुकला तर पुढचे दोन महिने त्यातच जातात.

पहिला कागद घरमालकाचा. नाव जीभ वळवणारं आहे, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. 'हा अमुक तारखेपासून इथे राहतो' एवढंच त्यावर लिहून सही असते. भाडेकरार वेगळा आणि हा वेगळा. नुसता करार घेऊन गेलात तर परत पाठवतात. म्हणून चावी हातात घेताना हा कागद मागून घ्यायचा. तो आणि पासपोर्ट घेऊन नगर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची, तिला अनमेल्डुंग म्हणतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी, असा नियम आहे. मोठ्या शहरांत तेवढ्या दिवसांत कार्यालयात भेटीची वेळच मिळत नाही. अशा वेळी मिळेल ती तारीख पकडायची, तिची पोच जपून ठेवायची आणि रोज सकाळी पुन्हा साइट उघडून बघायचं. कुणी रद्द केलेल्या वेळा तिथे दिसतात.

नोंदणी झाली की करक्रमांक पोस्टाने येतो, आणि इथेच आपली बरीच माणसं अडकतात. पत्रपेटीवर तुमचं आडनाव नसेल तर पत्र परत जातं. आपल्याकडे पेठेत नुसतं 'अमक्यांचं घर' म्हटलं तरी पोस्टमन दारात येतो. तिथे पेटीवरचं नाव हाच पत्ता. पासपोर्टवर 'गिव्हन नेम'मध्ये स्वतःचं आणि वडिलांचं अशी दोन्ही नावं असतात, म्हणून पेटीवर आडनाव आधी आणि ठळक लिहायचं. बँकेचं कार्ड एका पाकिटात येतं आणि त्याचा पिन दुसऱ्या, त्यामुळे एक गहाळ झालं तरी काम थांबतं. करक्रमांकाशिवाय अर्धवेळ काम धरलं, तर मालक सहाव्या वर्गाने, म्हणजे सगळ्यात जड दराने कर कापू शकतो. तो नंतर परत मिळतो, पण त्या महिन्याला हात आखडतो.

व्हिसासाठी अडकवून ठेवलेल्या खात्यातले पैसे लगेच मिळतील, या भरवशावर राहू नका. २०२४ च्या सप्टेंबरपासून वर्षाला ११,९०४ युरो भरावे लागतात, आणि त्यातले महिन्याला ९९२ तिथल्या चालू खात्यात सुटतात. ते चालू खातं उघडेपर्यंतचा खर्च हाताशी हवा. शिवाय घराचं डिपॉझिट असतंच. ते कायद्याने मूळ भाड्याच्या तिपटीपर्यंत मागता येतं. जाहिरातीत 'काल्ट' लिहिलं असेल तर ते मूळ भाडं, 'वार्म' असेल तर हीटिंग आणि इतर देखभाल खर्च धरून. वीज कधी त्यात असते, कधी नसते, म्हणून तेवढं विचारूनच घ्यायचं.

थोड्याच दिवसांत रेडिओ-टीव्ही वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून ते फेकून देऊ नका. ही वर्गणी माणशी नसते, घराला असते. चौघं एका फ्लॅटात असाल तर एकाने भरायची आणि बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा.

आता बॅग. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायची बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खवा बाद. ताजा कढीपत्ता आणि आंबाही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही, वाळवलेला कढीपत्ता मात्र चालतो. सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या विमानातच घेत नाहीत. त्यातल्या तेलामुळे त्या पेट घेणाऱ्या मालात मोडतात. म्हणून खोबरं कुटलेली कांदा-लसूण चटणीच न्यावी. किलोभर चटणी अर्ध्या-अर्ध्या किलोच्या दोन जाड पिशव्यांत सील करून चेक-इनच्या बॅगेत टाकायची. तिथे एक पिशवी फ्रीझरमध्येच ठेवायची, नाहीतर हीटिंगच्या उबेने खोबरं खवट होतं.

तुपाची सोय तिथेच होते. दुकानात 'झाउअरराम' लिहिलेलं बिनमिठाचं लोणी मिळतं. ते आंबवलेल्या सायीचं असल्यामुळे त्याचा वास घरच्या तुपाच्या जवळ जातो; गोड सायीच्या लोण्याला तो येत नाही. २५० ग्रॅमची वडी मंद आचेवर कढवली की २०० ग्रॅमच्या आसपास तूप पडतं. दह्याला मात्र कोल्हापुरातल्या गंगावेशीच्या म्हशीच्या दुधाची सर नाही. दूध ३.५ टक्क्यांचं, तेही एकजीव केलेलं, त्यामुळे साय धरतच नाही. हिवाळ्यात २० अंशांच्या खोलीत विरजणही लागत नाही. बंद ओव्हनचा फक्त दिवा लावून आत आठ तास ठेवलं की लागतं.

भाकरीला ज्वारीचं पीठ आशियाई दुकानातूनच घ्या. साध्या दुकानातलं 'हिर्से' म्हणजे वरी. त्याची भाकरी थापताना फुटते. शेगडी इंडक्शनची असेल तर ॲल्युमिनियमचा कुकर तापत नाही. निघण्यापूर्वी बुडाला लोहचुंबक लावून बघा. काचेची साधी विजेची शेगडी असेल तर कुकर चालतो, पण बंद केल्यावरही ती बराच वेळ तापलेली राहते. म्हणून शेवटच्या शिट्टीच्या आधीच बंद करायची, नाहीतर डाळ करपते.

मिरचीची फोडणी हा वसतिगृहातला सगळ्यात महाग पदार्थ. धुराचा गजर वाजायला लागला की आपण सवयीने दार उघडतो, ते करू नका. धूर बोळात गेला की तिथला गजर वाजतो. तो थेट अग्निशामक दलाला जोडलेला असू शकतो, आणि मग येण्याचं बिल तुमच्या नावावर पडू शकतं. दार बंद ठेवून खिडकी सताड उघडायची. तसंही दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या पूर्ण उघडाव्या लागतात, विशेषतः कपडे खोलीत वाळत घातले असतील तेव्हा. खिडकी अर्धवट तिरकी ठेवली तर भिंत गार पडते आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरते. घर सोडताना तिचा खर्च डिपॉझिटमधून वळता करतात.

रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, मोठ्या स्टेशनातली काही उघडी. त्यामुळे तिकीट काढताना मंगळवार-बुधवारी पोचण्याचं बघा. शनिवारी रात्री उतरलात, तर पहिला दिवस चटणी आणि पावावरच काढावा लागेल.